कल्याणचे बंदर आणि काळाची वाट



कल्याणहून कसाऱ्याच्या गाडीत बसले, की पहिलेच स्टेशन लागते ते शहाडचे. जवळून उल्हास नदी वाहते. तीच पुढे कल्याणच्या खाडीला मिळते. ह्या खाडीतून एके काळी गलबते परदेशी जात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक नाविकाच्या टिपणांत कल्याणचे नाव आढळते. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत, त्यांतही कल्याणचे व्यापारी आहेत. ह्याच बंदराची एक गोष्ट आज तुम्हांला सांगायची आहे. मात्र ती मालाची नाही, एका विचाराची आहे.

इसवी सन ५५० च्या सुमारास ईजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरी कॉस्मस नावाच्या एका व्यापाऱ्याने एक ग्रंथ लिहिला. 'ख्रिस्ती भूवर्णन' असे त्याचे नाव. त्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची बंदरे दिली आहेत. त्यांपैकी एक 'कल्लियाना'. तेथून तांबे, लाकूड आणि कापड बाहेर जाते असे तो सांगतो. आणि पुढे म्हणतो, की तेथे ख्रिस्ती लोक असून त्यांचा बिशप इराणातून नेमला जातो. काही पंडित हे गाव आणखी दक्षिणेला शोधतात. पण पुष्कळ अभ्यासक ते आपले कल्याणच मानतात.

आता तुम्ही विचाराल, व्यापाऱ्याने ग्रंथ कशासाठी लिहिला? बाजारभाव सांगायला नव्हे. माणसाचा इतिहास कोठे चालला आहे आणि त्यात देवाचा हेतू काय, हे त्याला सांगायचे होते.

आपल्याकडे काळाचे चित्र रहाटगाडग्यासारखे आहे. कृत, त्रेता, द्वापर, कली; आणि फिरून कृत. ग्रीकांतही असे मानणारे पंथ होते. ख्रिस्ती आचार्यांनी यहुदी धर्मग्रंथांतून वेगळे चित्र घेतले. काळ म्हणजे वाट. तिला आरंभ आहे, तो सृष्टीचा. तिला शेवट आहे, तो न्यायाच्या दिवसाचा. वाटेवर जे घडते ते एकदाच घडते. म्हणून प्रत्येक पावलाला मोल आहे.

पण देव सर्वशक्तिमान, तर त्याने माणसाला एकदम मुक्कामीच का नेऊन ठेवले नाही? दुसऱ्या शतकात, आजच्या फ्रान्समधल्या लियाँ गावचे बिशप इरेनियस ह्यांनी ह्याचे उत्तर दिले ते कोणाही आईला पटेल असे. तान्ह्या मुलाला मोठ्यांचे अन्न पचत नाही. मनुष्यजात आधी बाल होती; तिला वाढायला वेळ हवा होता. पुढे थिओडोर नावाच्या आचार्यांनी (मृत्यू ४२८) हाच धागा लांबवला. देवाने माणसाच्या दोन अवस्था योजल्या आहेत, एक आजची मर्त्य आणि दुसरी पुढली अमर. पहिली अवस्था ही शाळा आहे. चुकत, सोसत, निवड करीत माणूस तेथे शिकतो.

हा विचार कॉस्मसला मिळाला तो मार आबा नावाच्या इराणी गुरूंकडून. हे गुरुजी इ. स. ५४० मध्ये इराणी चर्चचे प्रमुख झाले आणि ५५२ पर्यंत त्या जागी होते. म्हणजे पाहा, कॉस्मस लिहीत होता तेव्हा 'कल्लियाना'ला बिशप पाठवणाऱ्या चर्चचे प्रमुख त्याचेच गुरू होते.

कॉस्मसने मात्र ह्या विचाराला विटा-मातीचे रूप दिले. विश्व म्हणजे दुमजली घर, असे तो म्हणे. खालच्या मजल्यावर आजची अवस्था, वर पुढची, आणि मधला माळा म्हणजे आकाश. पृथ्वी सपाट; रात्री सूर्य उत्तरेकडच्या मोठ्या पर्वताआड जातो. आपल्या पुराणांतला मेरू आठवतो ना? पृथ्वी गोल आहे म्हणणाऱ्यांवर तो फार रागावे. कारण उघड आहे. चेंडूला वरचा मजला कोठून असणार? आणि इकडे आपल्या आर्यभटाने तर ४९९ मध्येच पृथ्वी गोल असल्याचे लिहून ठेवले होते!

ही चूक भूगोलाची. दुसरी इतिहासाची, आणि ती अधिक महाग पडणारी. रोमचे सोन्याचे नाणे जगभर चालते, असे कॉस्मसने पाहिले होते. त्यावरून त्याने अनुमान काढले, की रोमच्या साम्राज्यावर देवाची खास कृपा आहे आणि शेवटपर्यंत ते टिकणार. शंभर वर्षेही लोटली नाहीत, तो ६४६ मध्ये त्याचे स्वतःचे अलेक्झांड्रिया रोमच्या हातून गेले ते कायमचे.

ह्या चुकीविरुद्ध सव्वाशे वर्षे आधीच एकाने सावध केले होते. ४१० मध्ये गॉथ लोकांनी रोम लुटले. जुने देव सोडले म्हणून हे झाले, असे लोक म्हणू लागले. तेव्हा उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो गावचे बिशप ऑगस्टीन लिहायला बसले आणि ४२६ पर्यंत, सुमारे तेरा वर्षे, लिहीत राहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. इतिहासाला हेतू आहे, पण तो राजांच्या जयापजयात वाचता येत नाही. देवाचे नगर आणि माणसाच्या गर्वाचे नगर शेवटपर्यंत एकमेकांत मिसळून राहतात. कोणतेही राज्य म्हणजे देवाचे राज्य नव्हे. ४३० मध्ये ते वारले, तेव्हा व्हँडल लोकांचा वेढा त्यांच्याच गावाला पडलेला होता. तरी त्यांचे उत्तर बदलले नाही.

इराणी ख्रिस्ती लोकांना हा धडा अनुभवाने मिळालेला होता. रोमचा सम्राट ख्रिस्ती झाला, म्हणून चौथ्या शतकात इराणच्या शापूर राजाने त्यांना रोमचे हस्तक समजून छळले. कोणा एका राज्याच्या विजयात देवाचा हेतू पाहणे त्यांना परवडणारे नव्हते. मग समुद्र ओलांडून कल्याणच्या पेठेत राहणाऱ्या मूठभरांना ते कसे परवडावे? आशा होती, पण पाठीशी सिंहासन नव्हते.

कॉलेजात इतिहास शिकवताना अधूनमधून एखादा विद्यार्थी विचारतो, "सर, जो जिंकला त्याच्या बाजूने देव होता, असेच ना?" शिक्षक बंधुभगिनींनो, तुम्हांलाही हा प्रश्न येत असेल. प्रश्न ख्रिस्ती लोकांपुरता नाही. प्रत्येक धर्माच्या, प्रत्येक गावाच्या माणसाला हा मोह पडतो. जिंकलेल्याला देवाचा लाडका म्हटले, की हरलेल्याला आपोआप पापी ठरवावे लागते. आणि मग त्याच्यावर झालेला अन्यायही न्याय वाटू लागतो. वर्गात बसलेल्या पोरांपैकी कोणाचे तरी पूर्वज हरलेले असतातच.

बायबलातला एक दृष्टान्त ऑगस्टीन ह्यांना फार आवडे. शेतात गहू आणि तण एकत्र वाढतात. उपटायची घाई केली तर गहूही उपटला जातो. हे तुम्हां शेतकरी मंडळींना मी काय सांगावे? पीक उभे असताना कोणी खळ्याचा हिशेब मांडत नाही. इतिहासाचे पीक अजून उभे आहे. आपल्या हाती आहे ती खुरपणी, आणि तीही हलक्या हाताने.