सवतीचा टाक

माझी पणजी बिजवराला दिलेली. 1905च्या सुमारास ती कोकणातून कल्याणला सासरी आली, तेव्हा तिचं वय जेमतेम बारा-तेरा आणि पुढ्यात सवतीची दोन मुलं. 1896 मध्ये मुंबईत प्लेग शिरला, तो पुढं कितीतरी वर्षं घरं रिकामी करत राहिला. पणजोबांची पहिली बायको त्यातच गेली. पणजोबा जीआयपी रेल्वेत कारकून. पदरात दोन लेकरं, म्हणून वर्षाच्या आत दुसरं लग्न. यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. तेच 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं, तेव्हा मुरूडकरांनी त्यांना वाळीत टाकलं होतं.

बिजवर कल्याणला नवे नव्हते. पोस्टातले गोपाळराव जोशी बिजवरच; 1874 मध्ये त्यांनी कल्याणच्याच नऊ वर्षांच्या यमूशी लग्न केलं. तीच आनंदीबाई, 1886 मध्ये फिलाडेल्फियाला डॉक्टर झाली. पणजीच्या वाट्याला असलं काही यायचं नव्हतं. तिच्या वाट्याला टाक आला.

टाक म्हणजे मेलेल्या सवतीच्या नावानं घडवलेला धातूचा छोटा पत्रा; तो दुसरेपणाच्या बाईनं गळ्यात घालायचा. स्वतःला कुंकू लावण्याआधी त्याला लावायचं, नवं लुगडं नेसण्याआधी त्याला दाखवायचं. भाद्रपद वद्य नवमीला, अविधवा नवमीला, त्या सवतीच्या नावानं सवाष्ण जेवू घालायची, खणानारळानं तिची ओटी भरायची. पणजीनं यातलं एकही चुकवलं नाही. हे मला सांगितलं आक्काआजीनं, म्हणजे त्या दोन मुलांतल्या थोरलीनं. ‘देवभोळी होती गं,’ असं इतर बायका म्हणत. आक्काआजी मात्र सरळ म्हणे, ‘घाबरायची. सवत बाधेल, पोरांना काही होईल, असं तिला सासूनं भरवून दिलं होतं.’ मग जरा थांबून, ‘पण पुढं पुढं तिच्याशी बोलायचीसुद्धा. डाळ निवडताना. घरात दुसरं होतं कोण तिच्या वयाचं?’ मेली तेव्हा ती सवतही विशीच्या आतबाहेरचीच होती.

पुढं सगळे डोंबिवलीला आले. गावात गणेश मंदिर उभं राहिलं ते 1924 मध्ये, त्यानंतरच्या चार-दोन वर्षांतली ही गोष्ट. तेव्हाची डोंबिवली म्हणजे भातखाचरं, विहिरी, कंदील आणि पावसाळ्यात घरात येणारे साप. चोळ्याच्या पॉवर हाऊसची वीज रेल्वेला मिळाली, तरी रुळांशेजारच्या घरांत कितीतरी काळ रॉकेलच होतं. पणजी पहाटे विहिरीवरून पाणी आणी, ओलेत्यानं देवपूजा करी, आणि चतुर्थीला चालत मंदिरात जाई.

तिच्या देवधर्माचं कौतुक आमच्या घरात खूप झालं. मला मात्र आजोबांची तक्रार जास्त खरी वाटते. आजोबा तिच्या पोटचे. ते म्हातारपणीही म्हणत, ‘आईनं मला कधी साय दिली नाही.’ साय आक्काला, साय दादाला. दिवाळीचा नवा कपडा आधी त्या दोघांना, उरलंसुरलं पोटच्या चौघांना. चाळीत भिंतीला कान असत. सावत्र आईनं हात राखला, असं एकदा कोणी म्हणालं असतं की तिची सगळी व्रतंवैकल्यं पाण्यात गेली असती. त्या काळी कथाकीर्तनांत सुरुची होतीच, ध्रुवाला बापाच्या मांडीवरून उठवणारी. आपल्याला सुरुची म्हणू नये, एवढ्यासाठी तिनं स्वतःच्याच मुलांना मांडीवर घेतलं नाही. याला कोणी त्याग म्हणेल. मी म्हणणार नाही, कारण त्याची किंमत चार लहान मुलांनी मोजली आणि त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

गंमत म्हणजे आक्काआजीलाही त्या सायीचं सुख नव्हतं. ‘आम्हाला ती कधी ओरडलीसुद्धा नाही,’ ती म्हणायची, ‘परक्याच्या पोराला कोण ओरडतं?’ तिचं बाळंतपण मात्र पणजीनंच केलं, सहा आठवडे शेकशेगडीसकट, आणि तेव्हा पहिल्यांदा दोघी कडकडून भांडल्या. त्यानंतर आक्काआजी तिला आई म्हणू लागली.

पणजी गेल्यावर टाक गळ्यात घालायला कोणी उरलं नाही. मुलांनी तो देवात ठेवला. आमची वंशावळ चुलत्यांनी छापून घेतली आहे. त्यात पणजोबांच्या नावापुढे पत्नी एकच आहे, माझी पणजी. पहिलीचं नाव फक्त नवमीच्या दिवशी घेतलं जाई, आणि नवमी आमच्याकडे केव्हाच बंद पडली. तुमच्या घरातही असा बिजवर पणजोबा असेल, तर त्या पहिलीचं नाव घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला विचारून घ्या आणि लिहून ठेवा. पुढच्या पितृपक्षाची वाट पाहू नका.