वीज लावली की स्फटिकात काय बदलतं?

गार किंवा गारगोटी, म्हणजेच क्वार्ट्झ. सिन्नरच्या खनिज संग्रहालयाचं नावही 'गारगोटी'! नाशिक परिसरातल्या बेसाल्टच्या पोकळ्यांत क्वार्ट्झही सापडतो आणि सुईसारखा स्कोलेसाइटही. दोन्ही दाबविद्युत स्फटिक: दाबले की पृष्ठभागावर विद्युतप्रभार येतो, वीज लावली की आकार किंचित बदलतो. क्वार्ट्झचा दाबल्यावर प्रभार येण्याचा गुण क्युरी बंधूंनी 1880 मध्ये नोंदवला.

डायइलेक्ट्रिक स्थिरांक म्हणजे काय?
वीज लावल्यावर पदार्थातले धन आणि ऋण प्रभार किती सरकतात, याचं हे माप. निर्वातासाठी ते 1, क्वार्ट्झसाठी सुमारे 4.5.

आकाराचा परिणाम
मोकळा स्फटिक विजेमुळे ताणला जातो, त्यातून आणखी प्रभार सरकतात आणि स्थिरांक वाढतो. घट्ट आवळून धरला, तर तो कमी भरतो. क्वार्ट्झमध्ये हा फरक अगदी किरकोळ असतो.

विद्युतक्षेत्र वाढवलं तर?
क्वार्ट्झमध्ये स्थिरांक जवळजवळ तोच राहतो. बेरियम टायटनेटची गोष्ट वेगळी. त्याचा स्थिरांक हजारांत असतो, पण क्षेत्र तीव्र झालं की आतले द्विध्रुव आधीच एका दिशेला वळलेले असतात. आणखी वळायला वाव उरत नाही, म्हणून स्थिरांक घसरतो.

आपला काय संबंध?
मोबाइलमधले अनेक सिरॅमिक कपॅसिटर याच पदार्थाचे असतात. व्होल्टेज चढल्यावर काहींची क्षमता छापील आकड्याच्या निम्म्याखाली जाते. हा हिशेब चुकला, तर सर्किट अडखळतं.