बार्शी लाइट रेल्वे व वाहनांचा निजभार

बार्शी लाइट रेल्वे : सोलापूर जिल्ह्यातील कुर्डुवाडी (तत्कालीन बार्शी रोड) स्थानक केंद्रस्थानी ठेवून बांधण्यात आलेला २ फुट ६ इंच (७६२ मिमी.) मापाचा अरुंदमापी लोहमार्ग. लातूर, बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर, सांगोला, ढालगाव, कवठे महांकाळ व मिरज ही त्यावरील प्रमुख ठिकाणे होत. पूर्ण विस्तारानंतर त्याची लांबी ३०० किमी.हून अधिक झाली. मराठवाडा व दक्षिण महाराष्ट्र यांना जोडणारा मार्ग म्हणून तो परिचित होताच. परंतु तंत्रविद्येच्या इतिहासात त्याचे महत्त्व निराळ्या कारणाने आहे. वाहनाचे स्वतःचे वजन पद्धतशीर हिशेबाने घटवावयाचे, उरलेले वजन सर्व चाकांवर समप्रमाणात वाटावयाचे आणि त्यायोगे हलक्या रुळांवरून भरपूर माल वाहावयाचा, असा विचारपूर्वक प्रयोग या मार्गावर १८९७ पासून करण्यात आला.

वाहन जो भार ओढते त्याचे दोन भाग पडतात. एक वाहून न्यावयाच्या मालाचा वा माणसांचा, म्हणजे उपयुक्त भार आणि दुसरा वाहनाच्या सांगाड्याचा, म्हणजे निजभार. निजभार ओढण्यासाठी शक्ती खर्ची पडते, मात्र त्याचे भाडे कोणी देत नाही. तुंबा, आरे, पाटे व लोखंडी धाव यांनी बनलेल्या अवजड चाकांची जुनी बैलगाडी याचे घरगुती उदाहरण होय. मालाची गाडी आणि शर्यतीचा छकडा यांतील फरक खेड्यातील सुताराला सांगावा लागत नाही. पहिलीत लाकूड मजबुतीसाठी वाढविले जाते, दुसऱ्यात ते वेगासाठी कमी केले जाते. रस्त्यावरील वेगवान मोटारगाडीच्या बाबतीतही हाच विचार लागू पडतो. वजन घटले की त्याच एंजिनाने गाडी लवकर वेग घेते, लवकर थांबते आणि वळणावर अधिक स्थिर राहते. ब्रिटिश अभिकल्पक कॉलिन चॅपमन याने १९५७ साली बाजारात आणलेली लोटस सेव्हन ही सु. ५०० किग्रॅ. वजनाची गाडी याच तत्त्वावर उभी होती. मोटारगाडीत वाचविलेले वजन वेगाच्या रूपाने परत मिळते. आगगाडीत ते मालाच्या आणि रुळांच्या किंमतीच्या रूपाने मिळते, एवढाच काय तो भेद.

हलक्या लोहमार्गाची कल्पना भारतात बार्शीच्या आधीही आली होती. बडोदे संस्थानातील डभोई–मियागाम मार्ग १८६२ मध्ये २ फुट ६ इंच मापावर सुरू झाला. मात्र त्याचे रूळ एंजिनाचा भार पेलण्याइतके सशक्त नसल्याने गाड्या बैलांकरवी ओढल्या जात. रूळ बदलून मार्ग मजबूत केल्यानंतर १८७३ पासून एंजिने नियमितपणे धावू लागली. येथे रूळ हलके केले गेले, परंतु त्यांच्यावरून काय जाणार याचा मेळ घातला गेला नव्हता. १८७० च्या सुमारास इंग्लंडमध्ये रॉबर्ट फेअरली या अभियंत्याने रुंदमापी गाड्यांमध्ये निजभाराचे उपयुक्त भाराशी असलेले प्रमाण अवास्तव असल्याचे हिरिरीने मांडले आणि त्याच काळात लॉर्ड मेयो याच्या कारकीर्दीत भारत सरकारने मीटरमापाचा स्वीकार केला. तरीही मापाच्या या वादात रुळांमधील अंतरालाच सारे श्रेय वा दोष देण्याची प्रवृत्ती होती. वस्तुतः अंतर कमी केल्याने वाहन आपोआप कार्यक्षम होत नाही. अरुंद रुळांवरही जड चौकटीची छोटी वाघीण ठेवली, तर निजभाराचे प्रमाण रुंदमापी वाघिणीहून वाईटच येते.

हा फरक एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप (१८५७–१९२७) याने नेमका ओळखला. रॉबर्ट स्टीव्हन्सन आणि कंपनीच्या कारखान्यात उमेदवारी केल्यानंतर इंग्लंडमधील रेल्वेत काम करून तो १८८२ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या सेवेत भारतात आला. मुंबईहून सोलापूरकडे जाणारा या कंपनीचा मार्ग बार्शीपासून दूर गेला होता. बार्शी ही कापसाची मोठी पेठ. तेथील माल सु. ३५ किमी. अंतरावरील बार्शी रोड स्थानकापर्यंत बैलगाड्यांनी आणावा लागे. एवढ्या वाहतुकीवर रुंदमापी फाट्याचा खर्च भरून निघणे अवघड होते. कॅलथ्रॉपने अल्पखर्ची मार्गाची योजना मांडली व तिचा अनेक वर्षे पाठपुरावा केला. १८९५ मध्ये लंडन येथे बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि तो तिचा सल्लागार अभियंता झाला. मार्गाचा पहिला टप्पा १८९७ मध्ये, म्हणजे दख्खनवर मोठ्या दुष्काळाचे सावट असताना वाहतुकीस खुला झाला. याच कॅलथ्रॉपने पुढे ‘गार्डियन एंजल’ नावाचे हवाई छत्र विकसित केले. त्याचा मित्र चार्ल्स रोल्स १९१० मध्ये विमान अपघातात मरण पावला होता. रुळांवर वजनाशी झगडलेल्या या अभियंत्याच्या छत्रावर विमानातील वजन व जागा यांच्या सबबीवरून आक्षेप घेतले गेले, हा योगायोग लक्षणीय आहे.

कॅलथ्रॉपच्या विचाराचा गाभा म्हणजे समान आसभाराचे तत्त्व. रूळ किती जड असावा हे संपूर्ण गाडीच्या वजनावरून ठरत नाही, तर एका आसावर येणाऱ्या कमाल भारावरून ठरते. रूढ पद्धतीच्या गाडीत एंजिनाच्या चालक आसांवर फार मोठा भार येई आणि मागील वाघिणींच्या आसांवर त्यामानाने थोडा. परिणामी सारा मार्ग एंजिनाच्या काही चाकांसाठी मजबूत करावा लागे व उरलेल्या गाडीखाली ती मजबुती वाया जाई. कॅलथ्रॉपने ५ टन ही आसभाराची मर्यादा ठरविली व ती एंजिन आणि भरलेली वाघीण या दोहोंना लागू केली. एंजिनाचा भार त्याने अधिक आसांवर पसरून खाली आणला. वाघिणीचा आसभार मात्र जास्त माल भरून वर नेला. म्हणजे हा केवळ काटछाटीचा उपाय नव्हे. जेथे वजन निरुपयोगी तेथून ते काढावयाचे आणि जेथे ते पैसा मिळवून देते तेथे मर्यादेपर्यंत वाढवावयाचे, असा त्याचा दुहेरी रोख होता. या मर्यादेमुळे एका यार्डास ३० पौंड (मीटरला सु. १५ किग्रॅ.) वजनाचे रूळ पुरेसे ठरले. तत्कालीन प्रमुख रुंदमापी मार्गांवरील रूळ याच्या दुपटीहून अधिक वजनाचे असत. रूळ हलके म्हणजे पोलाद थोडे आणि पूलही हलके. भांडवली खर्चातील ही बचत नसती, तर अवर्षणप्रवण मुलखातून जाणाऱ्या मार्गाला भागधारक मिळणे कठीणच होते.

मालवाघिणींचे अभिकल्प हा या प्रयोगाचा सर्वांत पाहण्याजोगा भाग होय. प्रत्येक वाघीण दोन बोगींवर, म्हणजे चार आसांवर उभी असल्याने भरलेल्या वाघिणीचे एकूण वजन २० टनांपर्यंत जाऊ शके. ही कमाल मर्यादा ठरलेली असल्याने निजभारात एक टनाची घट म्हणजे सरळ एक टन जादा माल. वीस वाघिणींच्या गाडीत तेवढ्याने वीस टनांचा फरक पडतो. अशी घट साधण्यासाठी लीड्स येथील लीड्स फोर्ज कंपनीने विकसित केलेल्या दाबीव पोलादी चौकटी वापरण्यात आल्या. या कंपनीचा संस्थापक सॅम्सन फॉक्स हा या तंत्राचा प्रवर्तक होता. तोवर चौकटी लाकडाच्या किंवा पट्ट्या व कोनपट्ट्या रिव्हेटांनी जोडून केलेल्या असत. जोडाच्या जागी धातू एकावर एक येई, रिव्हेटांचे वजन वाढे आणि कोठे ताण जास्त, कोठे कमी याचा विचार न करता तुळईची जाडी सर्वत्र सारखीच राही. दाबीव पद्धतीत तापविलेला पोलादी पत्रा जलदाबयंत्राखाली साच्यात दाबून त्याच्या कडा एकसंधपणे वळविल्या जात. त्यामुळे जोड कमी झाले. तसेच तुळई मध्यभागी, जेथे नमन सर्वाधिक, तेथे खोल व टोकांकडे उथळ करता आली. धातू जेथे काम करतो तेथेच तो ठेवावयाचा, हे तत्त्व पुढे विमाने व मोटारगाड्या यांच्या रचनेत सर्वमान्य झाले.

वाहनांची चौकट २५ फुट लांब व ७ फुट रुंद (सु. ७·६ × २·१ मी.) अशी एकच प्रमाणित ठेवण्यात आली. रुळांमधील अंतर लक्षात घेता ही रुंदी जवळजवळ पावणेतीन पट भरते. पाहणाऱ्याला ती धोकादायक वाटे. पण बोगींची छोटी चाके व खाली ठेवलेला तळ यांमुळे गुरुत्वमध्य फार वर जात नसे. या रुंदीस व्यापारी कारणही होते. कापसासारख्या फुगीर मालाची वाघीण वजनाची मर्यादा गाठण्यापूर्वीच जागेअभावी भरून जाते. अशा वेळी निजभार कितीही घटविला तरी वाघिणीत जागा नसेल, तर त्याचा उपयोग होत नाही. हलकेपणाचा हिशेब मालाच्या स्वरूपाशी जोडून पाहणे हे कॅलथ्रॉपचे खरे वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

पहिली एंजिने लीड्सच्या किटसन आणि कंपनीने बनविली. आठ संलग्न चालक चाके व त्यामागे चार वाहक चाके अशी त्यांची रचना असून पाण्याच्या टाक्या एंजिनावरच होत्या. चालक चाकांवरील भारानेच रुळावरची पकड मिळते. हा भार अतिशय घटविला तर चाके जागीच घसरतात. म्हणून एंजिनात वजन काढून टाकण्यापेक्षा ते वाटून देण्यावर भर होता. चार संलग्न आसांवर मिळून २० टन भार कर्षणास उपलब्ध राही आणि एकाही आसावर ५ टनांहून अधिक भार येत नसे. भारतात पाठविण्यापूर्वी १८९६ मध्ये लीड्सनजीक न्यूले येथे मुद्दाम टाकलेल्या चाचणी मार्गावर ही एंजिने व वाहने चालवून दाखविण्यात आली आणि त्यांची अभियांत्रिकी क्षेत्रात बरीच चर्चा झाली.

मार्गाचा विस्तार सावकाश झाला. पंढरपूर १९०६ मध्ये आणि लातूर १९११ मध्ये जोडले गेले. आषाढी व कार्तिकी यात्रांमुळे पंढरपूरच्या फाट्याला प्रवासी वाहतुकीचे मोठे उत्पन्न मिळू लागले. पंढरपूर–मिरज हा टप्पा मात्र १९२७ मध्ये, कॅलथ्रॉपच्या मृत्यूच्या वर्षी, पूर्ण झाला व त्याबरोबर सांगोला लोहमार्गाच्या नकाशावर आले. पेशवा बाळाजी बाजीराव व रामराजा यांच्यातील १७५० च्या करारामुळे इतिहासात नोंदले गेलेले हे गाव माण नदीच्या खोऱ्यातील कमी पावसाच्या पट्ट्यात वसले आहे. खिलार जातीच्या चपळ बैलांसाठी हा परिसर प्रसिद्ध आहे. पीक हमखास नाही, मालवाहतूक हंगामी आणि दुष्काळात धान्य व वैरण बाहेरून आणण्याची निकड, अशा प्रदेशाला जड मार्ग परवडला नसता; त्याच्या वाट्याला काही दशके जो लोहमार्ग आला तो हलका म्हणूनच येऊ शकला.

या मार्गावर टीकाही झाली आणि ती काही अंशी योग्य होती. गाड्या संथ होत्या. मुख्य अडचण मात्र मालाच्या फेरभरणीची होती. कुर्डुवाडीस रुंदमाप आणि मिरजेस मीटरमाप असल्याने दोन्ही टोकांस प्रत्येक पोते एका वाघिणीतून दुसरीत हलवावे लागे. त्यात वेळ, मजुरी आणि मालाची नासधूस असा तिहेरी तोटा होई. नाशवंत फळभाज्यांच्या दूरच्या वाहतुकीस तर ही व्यवस्था प्रतिकूलच होती. कॅलथ्रॉपला याची जाणीव होती. इंग्लंडमधील लीक व मॅनिफोल्ड व्हॅली या १९०४ मध्ये सुरू झालेल्या अरुंदमापी मार्गावर त्याने प्रमाण मापाची वाघीण जशीच्या तशी उचलून नेणाऱ्या वाहक वाघिणी योजिल्या. पण तेथे जे वाचविले जाते ते मजुरीच. एका वाघिणीवर दुसरी चढविल्याने निजभार उलट वाढतो. बार्शी मार्गाच्या मर्यादांचा दोष अनेकदा त्याच्या हलकेपणावर टाकला जातो, तो न्याय्य नाही. वाहनांनी त्यांच्यावर सोपविलेले काम चोख केले; अडथळा आला तो मापभेदाचा.

१ जानेवारी १९५४ रोजी भारत सरकारने हा मार्ग कंपनीकडून ताब्यात घेतला व तो मध्य रेल्वेचा भाग झाला. पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या मार्गाचे १९७१ च्या सुमारास रुंदमापात रूपांतर झाल्यावर मिरजेस तिन्ही मापांचे रूळ एकत्र दिसू लागले. दरम्यान मालमोटारींनी हंगामी मालाचा मोठा भाग खेचून घेतला. त्या शेताच्या बांधापासून बाजारापर्यंत फेरभरणीशिवाय जात. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात व त्यालगत बार्शी लाइटचे टप्पे क्रमाक्रमाने रुंदमापी करण्यात आले आणि जुने हलके रूळ उखडले गेले. नव्या मार्गावर सांगोला भागातील डाळिंबे व अन्य शेतमाल थेट उत्तर व पूर्व भारताकडे पाठविणे शक्य झाले. २८ डिसेंबर २०२० रोजी किसान रेल या योजनेतील शंभरावी गाडी सांगोल्याहून पश्चिम बंगालमधील शालिमारकडे रवाना झाली. तिच्यात डाळिंबे, द्राक्षे, संत्री, सीताफळे, कांदा, शेवगा, कोबी इ. माल होता आणि वाटेत कोठेही मापभेदासाठी तो उतरवावा लागला नाही.