मुरूम, गोटे आणि मागचा शॉकअप: एका अभ्यासाची प्रस्तावना

सस्पेन्शन आरामासाठी असतं, ही समजूत घेऊनच बहुतेक जण माउंटन बाइकच्या विषयाकडे येतात. हार्डटेलला फक्त पुढच्या चिमट्यात शॉकअप असतो आणि मागचं चाक थेट फ्रेमला जखडलेलं असतं. फुल सस्पेन्शनला मागेही शॉकअप असतो, म्हणून ती पाठीला सुखाची. एवढ्यावर चर्चा संपते. पाठीला सुख मिळतं हे खरंच, पण सस्पेन्शनचं मूळ काम टायर जमिनीला टेकलेलं ठेवणं हे आहे. टेकलेलं टायरच वळतं, ब्रेकला जुमानतं, चढावर सायकल पुढे रेटतं. हवेत उडालेल्या टायरकडून यातलं काही होत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवून या विषयात पाऊल टाकलं, तर दोन सायकलींमधला फरक जमिनीकडे बघूनच समजू लागतो. आणि त्यासाठी पुणे जिल्ह्यातल्या भोर-वेल्ह्यासारखी जमीन शोधून सापडायची नाही.

इथला डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांनी बनला आहे. काही थर टणक कातळाचे, काही सच्छिद्र आणि लवकर झिजणारे. टणक थरांचे कडे उभे राहिले, मऊ थरांची उतरण झाली. राजगड, तोरणा, रोहिडा यांच्या अंगावर दिसणारी टप्प्याटप्प्यांची ठेवण यातूनच आली. सायकलवाल्याला ती लगेच जाणवते, कारण चढ सलग येत नाही. थोडा सपाट पट्टा, मग एकदम छातीवर येणारी चढण, पुन्हा सपाटी. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. बेसाल्टचे दगड कांद्यासारखे पापुद्र्यापापुद्र्याने सुटत जातात. पापुद्र्यांचा मुरूम होतो आणि आतला गाभा गोल गोट्याच्या रूपात उरतो. कडक मुरमावर पडलेला हा सुटा गोटा सायकलची खरी परीक्षा घेतो. खाली वेळवंडी आणि गुंजवणीच्या खोऱ्यांत भातखाचरांची चिकट माती आहे. 1928 साली पूर्ण झालेल्या भाटघर धरणाचं पाणी उन्हाळ्यात मागे सरलं, की काठचा भेगाळलेला गाळही उघडा पडतो.

त्या गोट्याकडे जरा जवळून पाहू. समजा तो वाटेत घट्ट रुतलेला आहे आणि 6 सेंटिमीटर वर आलेला आहे. सायकल ताशी 20 किलोमीटरने उतरते आहे. 29 इंची चाकाची टायरसकट त्रिज्या साधारण 37 सेंटिमीटर धरली, तर गोट्याला स्पर्श झाल्यापासून त्याच्या माथ्यावर येईपर्यंत चाकाला सुमारे 20 सेंटिमीटर अंतर मिळतं. वेळ मिळतो तो सेकंदाच्या पंचविसाव्या भागाहूनही कमी. तेवढ्यात मागचा ॲक्सल 6 सेंटिमीटर वर गेला पाहिजे. हार्डटेलवर टायर दबून जे काही शोषेल ते शोषेल, बाकी सगळी उचल फ्रेमच्या मागच्या भागाला मिळते आणि तिच्याबरोबर सीटवर बसलेला माणूसही उचलला जातो. ही ताकद सायकलच्या वेगातूनच वसूल होते. पुढे टायर गोट्यावरून सुटतं आणि क्षणभर अधांतरी राहतं. नेमका तेव्हा मागचा ब्रेक दाबलेला असेल तर चाक फिरायचं थांबतं आणि खाली टेकताच घसरतं. फुल सस्पेन्शनमध्ये वर जातं ते मुख्यतः चाक आणि त्याला धरणारा मागचा सांधेदार भाग. माणूस जवळपास आहे त्याच उंचीवर राहतो आणि स्प्रिंग चाकाला लगेच परत खाली दाबते. एका गोट्याने फारसं बिघडत नाही. पण अशा गोट्यांनी भरलेल्या लांब उतारावर या छोट्या छोट्या तुटीची बेरीज मोठी होते.

आता एक बारकावा, जो दुकानात कुणी सांगत नाही. हार्डटेलचा चिमटा दबला की सायकल नाकाशी खाली जाते आणि हँडलच्या दांड्याचा कोन उभा होतो. दर 2 सेंटिमीटरला साधारण 1 अंश, असा हिशोब धरायला हरकत नाही. म्हणजे उतारावर जोराचा ब्रेक लावताना, ऐन गरजेच्या वेळी, हार्डटेल अधिक चंचल होते. फुल सस्पेन्शन स्वाराच्या वजनाने दोन्ही टोकांना बसते, म्हणून तिचा कोन तुलनेने टिकून राहतो. नुसत्या चिमट्याची लांबी पाहून दोन सायकलींची तुलना करू नये, ते यासाठी.

या विषयाचा इतिहास फार जुना नाही. 1976 च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत 'रिपॅक' नावाची उताराची शर्यत सुरू झाली. तिथल्या जुन्या जड सायकलींना कुठलंच सस्पेन्शन नव्हतं. एका उतारात मागच्या हबमधलं ग्रीस जळून धूर निघे आणि ते पुन्हा भरावं लागे, त्यावरूनच शर्यतीला नाव पडलं. 1990 साली अमेरिकेतल्या ड्युरँगो इथे पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, तोवर पुढचा शॉकअप शर्यतीत उतरला होता. मागच्या शॉकअपला मात्र बराच काळ मान मिळाला नाही. तो जड होता आणि पायडल मारताना सायकल डुलायची. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये चेक स्वार यारोस्लाव कुल्हावी फुल सस्पेन्शनवर होता आणि स्वित्झर्लंडचा निनो शुर्टर हार्डटेलवर. दोघे अखेरच्या वळणापर्यंत बरोबरीने आले आणि कुल्हावी अवघ्या एका सेकंदाने जिंकला. चार वर्षांनी रिओत शुर्टरने सुवर्णपदक जिंकलं ते फुल सस्पेन्शनवर. एका सेकंदाच्या फरकावरून सायकलीचा निकाल लावता येत नाही, पण मागचा शॉकअप म्हणजे चढावरचं ओझं, हे ठरीव मत त्यानंतर टिकलं नाही.

तरीही चढावर हार्डटेलची बाजू भक्कम आहे. नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणारा रस्ता, पाबे घाट, वेल्ह्याहून केळदपर्यंतची वाट, यांवर बराचसा वेळ डांबरावर किंवा दाबलेल्या मुरमावर जातो. अशा पृष्ठभागावर पायाची ताकद मागच्या चाकापर्यंत थेट पोहोचणं हाच फायदा. त्यात हार्डटेल सहज दीड-दोन किलो हलकी असते. सुट्या गोट्यांच्या चढणीवर मात्र चित्र पालटतं. तिथे फुल सस्पेन्शनचं मागचं चाक दगडावरून न उसळता पकड घेत जातं आणि स्वाराला बसून पायडल मारता येतं.

आणि मग पावसाळा. सह्याद्रीच्या धारेलगतच्या या पट्ट्यात पावसाची सर नुसती येऊन जात नाही, मुक्काम करते. फुल सस्पेन्शनच्या सांध्यांमध्ये छोटी बंद बेअरिंग असतात. चाकाचं बेअरिंग पूर्ण फिरतं, त्यामुळे त्यातलं ग्रीस सगळीकडे पसरत राहतं. सांध्याचं बेअरिंग काही अंशच मागेपुढे हलतं, म्हणून छर्रे त्याच त्या जागी घासतात. सीलमधून गढूळ पाणी शिरलं की नेमक्या तिथे गंज धरतो आणि खळगे पडतात. असा सांधा उघडून बोटाने फिरवून पाहावा. खळग्याशी आल्यावर तो अडकतो आणि खट्कन पुढे सरकतो. धुताना जोराच्या पाण्याचा फवारा सांध्यांवर मारणं हा यावर उपाय नाही, ते तर नुकसानीला आमंत्रण. चेन, पंक्चर, आऱ्यांचा ताण ही कामं कुठलाही सायकलवाला करून देतो. शॉकअपचे सील बदलायला मात्र खास हत्यारं आणि जाणता हात लागतो.

एका बाबतीत माझं मत ठाम आहे. मागे नुसती स्प्रिंग लावलेल्या स्वस्त 'डबल शॉकअप' सायकलीपासून लांब राहावं. स्प्रिंग धक्का साठवते. तो जिरवायचं काम आतलं तेल करतं, अरुंद छिद्रांतून वाट काढत. तेल नसेल तर साठवलेला धक्का तसाच परत मिळतो आणि चाक जमिनीवर टेकायच्या ऐवजी उड्या मारतं. त्याच पैशात चांगल्या चिमट्याची हार्डटेल आली तर ती घ्यावी. नव्याने शिकणाऱ्यालाही या दोन तालुक्यांत मी आधी हार्डटेलच सुचवीन. वाट निवडणं, गोट्याआधी मागचं चाक हलकं करणं, गुडघे आणि कोपरं सैल ठेवणं या गोष्टी ती सोडू देत नाही. ज्यांना दगडी उतारांवर वारंवार जायचं आहे किंवा ज्यांची कंबर तक्रार करते, त्यांनी फुल सस्पेन्शन घेताना जराही संकोचू नये.

या अभ्यासाची हद्दही सांगायला हवी. राजगडाचा समावेश जुलै 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत झाला. तो असो वा दुसरा कुठला गड, तिथल्या पायवाटा चालण्यासाठी आहेत, त्यांवर सायकल नेऊ नये. बरीच जमीन वनखात्याची आहे, तिथे परवानगी विचारून जावं. भात उभं असताना बांधावर चाक घालू नये, बांध फुटला तर खाचरातलं पाणी जातं. गुरं, शाळकरी मुलं किंवा डोक्यावर भारा घेतलेली बाई समोरून आली तर उतरून वाट द्यावी.

पुढची प्रकरणं वाचण्याआधी एक काम करा. ते इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला जमेल तसंच दहावीतल्या मुलीलाही जमेल. हवेच्या शॉकअपच्या दांड्यावर एक रबरी कडी असते, नसेल तर बारीक दोरा बांधा. कडी सीलला टेकवा. पाण्याची बाटली, हेल्मेट, सगळा जामानिमा घेऊन सायकलवर सावकाश बसा, न उसळता उतरा आणि कडी किती सरकली ते पट्टीने मोजा. ते अंतर दांड्याच्या एकूण चालीच्या किती टक्के आहे ते काढा. चिमट्याला साधारण 15 ते 20 आणि मागच्या शॉकअपला 25 ते 30 टक्के ठीक. जास्त आलं तर हवा भरा, कमी आलं तर सोडा. आकडा वहीत लिहा, शेजारी टायरमधली हवा लिहा, आणि मग एकच उतार त्याच वेगाने पुन्हा पुन्हा उतरून पाहा.