माळावर उतरणारे विमान



वसंत व्याख्यानमालेत इतिहासाचा विषय निघाला, की श्रोत्यांना देवगिरीची, अजिंठ्याची अथवा मलिक अंबराच्या नहरींची आठवण व्हावी, हे या नगरीत अगदी स्वाभाविक आहे. आज मात्र मी त्या वाटेने न जाता एका लहानशा यंत्राची हकीकत आपणापुढे मांडणार आहे. जेथे बांधीव धावपट्टी नाही, दिवे नाहीत, निरोप सांगणारे कोणी नाही, अशा आडरानातल्या मैदानावर उतरावयाचे तर विमान कोणते घ्यावे? प्रश्न वरवर पाहता चार हौशी वैमानिकांचा वाटेल. परंतु टपाल, शेती आणि सैन्य या तिन्ही निमित्तांनी तो आपल्या देशापुढे उभा राहिला, आणि तो सोडविणाऱ्यांत महाराष्ट्रातील माणसे अग्रभागी होती. त्यांनी दिलेली उत्तरे एका ओळीत मांडून पाहिली, की एक तत्त्व हाती येते : विमान उडते आकाशात, पण त्याची निवड जमिनीकडे पाहून करावी लागते.

तेव्हा प्रथम आपली जमीनच पाहू. मराठवाड्याची भूमी काळ्या पाषाणाची आणि त्यावर साचलेल्या काळ्या मातीची. ही माती कापसाला आणि ज्वारीला आईसारखी. परंतु विमानाच्या चाकाला तिच्याइतकी वैरीण दुसरी नाही. मृग बरसला की ती फुगते, चिकट होते आणि चाक धरून ठेवते. वैशाखात तीच वाळून तडकते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. याउलट मुरमाड माळ घ्या. शेतकरी त्याला हलका म्हणून नाक मुरडतो. पण पाणी त्यावर ठरत नाही, रोलर फिरविला की तो घट्ट बसतो, आणि दोन सरी पडून गेल्या तरी दुसऱ्या दिवशी चाक रुतत नाही. जी जमीन कुळाला नको, ती वैमानिकाला हवी, असा हा उलटा न्याय आहे.

जमिनीच्या जोडीला हवाही पाहिली पाहिजे. विमानांच्या माहितीपत्रकात ‘इतक्या फुटांत जमीन सोडते’ असा आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. हा आकडा साधारणतः समुद्रसपाटीवरचा आणि १५ अंश सेल्सिअस तापमानाचा असतो. असा दिवस आमच्या वैशाखात कोठून यावयाचा? चिकलठाण्याचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फूट उंच आहे. मे महिन्यात दुपारी पारा ४० अंशांवर गेला, की हवा इतकी विरळ होते की विमानाच्या दृष्टीने ते सुमारे ५,३०० फूट उंचीवर उभे असते. महाबळेश्वरची उंची सुमारे ४,४०० फूट आहे. म्हणजे आपण घामाने निथळत असतो, आणि विमानाला मात्र आपण महाबळेश्वराच्याही वर नेऊन ठेवलेले असते. अशा विरळ हवेत इंजिनाचा जोर घटतो, पंखांखालचा आधार घटतो, आणि जमीन सोडण्यापूर्वीची धाव दीडपटीहून अधिक लांबते. माहितीपत्रकावर विसंबून घेतलेले विमान भर उन्हाळ्यात शेताच्या बांधाशी येऊन थांबते, किंवा थांबत नाही. आणि दुसरी गोष्ट पहिलीहून भयंकर.

हा विचार आपल्याकडे प्रत्यक्ष व्यवहारात कसा आला, हे पाहण्यासाठी आता मुंबईकडे वळू. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूच्या मैदानावर उतरले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट हे टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासेस गेले. अहमदाबादेस त्यांच्या विमानासाठी पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणले होते. एवढ्या एका गोष्टीवरून त्या काळच्या साधनसामग्रीची कल्पना यावी.

या कामासाठी त्यांनी निवडलेले विमान होते ‘पस मॉथ’. एक इंजिन, सुमारे १२० अश्वशक्ती, चालकाखेरीज दोघांपुरती जागा, आणि छताच्या पातळीवर बसविलेले पंख. त्या काळी साम्राज्याच्या मोठ्या मार्गांवर अनेक इंजिनांची अवजड विमाने फिरत होती. टाटांनी ती घेतली नाहीत, याचे कारण पैशाचा अभाव एवढेच नव्हे. सरकार अनुदान देणार नव्हते. जेवढे टपाल वाहून न्यावे तेवढेच मोल पदरात पडणार होते. उद्योगाचे भांडवल सुमारे दोन लाख रुपयांचे. टपाल थोडे, मैदाने मातीची, पेट्रोल बैलगाडीवर. या तिन्ही गोष्टींचा मेळ घालणारे यंत्र लहानच असावयास हवे होते. बंद खोलीमुळे टपाल भिजत नव्हते, आणि पंख वर असल्यामुळे खाली झाडझुडूप व गवत असले तरी त्याचा स्पर्श होत नव्हता.

तथापि या निवडीलाही निसर्गाने आपली अट घातलीच. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, आणि मग सारा संसार उचलून पुण्यास येरवड्याच्या मैदानावर न्यावा लागे. लहान विमान असल्यानेच हे बिऱ्हाड हलविणे शक्य झाले. शिवाय, पस मॉथ निर्दोष होते असेही समजू नये. वादळी हवेत त्याचे पंख निकामी होऊन परदेशांत कित्येक अपघात घडले, आणि नंतर त्याच्या रचनेत सुधारणा करावी लागली. परक्या देशात आखलेले यंत्र आपल्या हवेत आणि आपल्या मातीवर कसे वागेल, हे ते वापरल्यावाचून कळत नाही. मग ते यंत्र येथेच का आखू नये?

या प्रश्नाला उत्तर देण्याची भूमी तयार केली सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी. म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने त्यांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा कारखाना काढला. याच कारखान्यात कोल्हापूरच्या परिसरातून आलेले, जर्मनीतील ग्यॉटिंगेन येथे प्रांटल यांच्यासारख्या आचार्यांच्या हाताखाली शिकलेले डॉ. विष्णू माधव घाटगे दाखल झाले. १९०८ साली जन्मलेल्या या मराठी अभियंत्याचे नाव आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकांत असावयास हवे होते. १९५१ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली आखलेले ‘एचटी-२’ हे शिक्षणाचे विमान आकाशात गेले. स्वतंत्र भारताने स्वतः आखून उडविलेले ते पहिले विमान म्हणून ओळखले जाते.

एचटी-२ चे पंख खाली, बांधणी धातूची, आसने एकामागे एक. हवाई दलाच्या उमेदवारांना शिकविण्यासाठी ते योग्य होते, कारण त्यांना चांगली मैदाने मिळत. परंतु गावोगावच्या उड्डाणसंस्थांची गरज निराळी होती. त्यांना स्वस्त, साधे, थोड्या जागेत चढणारे व उतरणारे विमान हवे होते. घाटग्यांच्या चमूने याच गरजेसाठी ‘पुष्पक’ तयार केले आणि २८ सप्टेंबर १९५८ रोजी ते प्रथम उडाले. रामायणातल्या पुष्पकात कितीही माणसे बसली तरी एक जागा रिकामीच राही, अशी आपली श्रद्धा आहे. बंगळूरच्या पुष्पकात जागा दोनच, आणि इंजिन अवघे ९० अश्वशक्तीचे! अमेरिकेतील एका प्रसिद्ध छोट्या विमानाशी त्याचे निकटचे साम्य होते, हेही मोकळेपणाने सांगितले पाहिजे. पण उसनवारीतही विवेक असतो. पंख वर ठेवले, कापडाचे आच्छादन ठेवले, कारण फाटलेले कापड लहान गावातही शिवता येते. आणि तिसरे चाक शेपटीखाली ठेवले.

या तिसऱ्या चाकाविषयी दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण आडरानातल्या विमानाची ओळख तेथेच पटते. आजची बहुतेक लहान विमाने नाकाखालच्या चाकावर उभी असतात. गुळगुळीत पट्टीवर ती सरळ धावतात आणि नवशिक्यास सोपी जातात. परंतु खड्ड्यात आपटून मोडते ते बहुधा नाकाखालचेच चाक, आणि मग पुढचा फिरता पंखा जमिनीत घुसतो. शेपटीखाली चाक असले की नाक वर राहते, पंखा दगडधोंड्यांपासून दूर राहतो. याची किंमत चालकाला मोजावी लागते. असे विमान उतरल्यावर बाजूला गर्रकन वळू पाहते, आणि चाल मंदावेपर्यंत पायांनी त्याला आवरून धरावे लागते. म्हणजे जमीन जितकी कठीण, तितकी विद्या अधिक हवी.

पुष्पकाच्या पाठोपाठ, १९५९ च्या नोव्हेंबरात, त्याच्याहून मोठे ‘कृषक’ उडाले. नाव शेतकऱ्याचे, पण नागरी ग्राहक पुरेसे मिळाले नाहीत, आणि ते सैन्याच्या कामी आले. तोफखान्याला आपले गोळे कोठे पडतात हे वरून पाहणारा डोळा लागतो. तोफखान्याचे विद्यालय आपल्या नाशिक जिल्ह्यात देवळाली येथे आहे, हे आपण जाणताच. असा निरीक्षक तोफांच्या जवळच, मिळेल त्या शेतात उतरला पाहिजे. दूरच्या विमानतळावरून येणारा वेगवान उडता घोडा त्याच्या उपयोगाचा नाही. पूर्वी हे काम ‘ऑस्टर’ नावाचे परदेशी विमान करी. १९६० नंतरच्या दशकात २२५ अश्वशक्तीचे कृषक त्याच्या जोडीला आले. विमानाची मोठी कीर्ती त्याच्या वेगाने होते. कृषकाचा गुण होता तो हळू उडता येण्याचा. पुढे ‘चीता’ हेलिकॉप्टर आले, त्याला धावपट्टीच लागत नाही, आणि १९७० नंतरच्या दशकात कृषकाची सेवा संपली.

शेतकऱ्याचे खरे काम करावयास जे विमान आले त्याचे नाव मात्र या व्याख्यानमालेला शोभणारे आहे : ‘बसंत’. पिकांवर औषध फवारण्यासाठी हे ४०० अश्वशक्तीचे विमान ३० मार्च १९७२ रोजी उडाले. त्याचे पंख खाली होते. आपण म्हणाल, आताच तर पंख वर असावेत असे सांगितले! पण येथे काम बदलले. फवारणी पिकाच्या डोक्याशी व्हावयाची असते आणि चालकाला समोरच्या तारा व झाडे दिसावयाची असतात. म्हणून पंख खाली आणि चालकाचे आसन उंच. जमीन आणि हवा यांच्यानंतर तिसरा प्रश्न विचारावयाचा तो कामाचा, हे बसंताने शिकविले. या विमानांची निर्मिती मात्र चाळिशीच्या आतच थांबली. ज्या वर्षी ते प्रथम उडाले, त्याच वर्षी महाराष्ट्र दुष्काळाने होरपळत होता. फवारावयास पीकच कोठे होते, असा कटू विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

श्रोतेहो, ही केवळ यंत्रांची वंशावळ असती तर आपला वेळ मी घेतला नसता. २६ एप्रिल १९९३ ची दुपार या शहरातील वडीलधारी माणसे विसरलेली नाहीत. चिकलठाण्याहून निघालेले एक बोइंग ७३७ विमान धावपट्टीच्या अगदी टोकाशी वर उचलले गेले, पलीकडच्या बीड रस्त्यावरून कापसाच्या गाठी घेऊन जाणाऱ्या मालमोटारीवर आदळले, आणि ५५ माणसे प्राणास मुकली. विमान उशिरा उचलल्याचा आणि रस्त्यावरील वाहतूक न रोखल्याचा दोष चौकशीत दिला गेला. त्या दिवसाचा सारा भार उन्हावर टाकणे योग्य होणार नाही, आणि ते विमान लहानही नव्हते. पण धावपट्टीच्या शेवटच्या काही यार्डांची किंमत काय असते, हे त्या दुपारी या नगरीने पाहिले. लहान विमानात दोनचार माणसे असतात, एवढाच काय तो फरक. त्यांच्या घरी त्यांची वाट पाहणारी माणसे तेवढीच असतात.

आज नांदेड, लातूर, धाराशिव येथे धावपट्ट्या आहेत. लहान विमानांनी आडवळणाची गावे जोडण्याच्या योजना वेळोवेळी निघतात आणि पुढेही निघतील. तेव्हा निवड करणाऱ्यांनी या इतिहासाकडून चार प्रश्न शिकून घ्यावेत. उतरावयाची जमीन काळी की मुरमाड, आणि श्रावणात तिची अवस्था काय? वैशाखातील दुपारी, पूर्ण भाराने, धाव किती लागते? काम कोणते : माणसे न्यावयाची, औषध फवारावयाचे, की रुग्ण आणावयाचा? आणि बिघडले तर दुरुस्त कोण करणार व इंधन कोठून येणार? हा शेवटचा प्रश्न किरकोळ समजू नये. अशा इंजिनांना लागणारे विमानाचे खास पेट्रोल २०२२ पर्यंत आपण परदेशांतून आणत होतो. त्या वर्षी ते गुजरातेतील कारखान्यात तयार होऊ लागले. अहमदाबादेची ती बैलगाडी आपल्याला नव्वद वर्षे पुरली, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

टाटांनी टपालाचे वजन आणि मैदानाची माती पाहून पस मॉथ घेतले. घाटग्यांनी उड्डाणसंस्थेचा खिसा आणि गावातल्या शिंप्याची सुई पाहून पुष्पक आखले. दोघांनीही आकाशाचे स्वप्न पाहिले, परंतु माप घेतले ते जमिनीचे. बैल घेताना आपला शेतकरी त्याच्या शिंगांच्या डौलावर भाळत नाही. आपले रान कसे, नांगर केवढा आणि चारा किती, हे मनात धरूनच तो बाजारात जातो. ज्याला माळावर विमान उतरवावयाचे आहे, त्यानेही पाठीमागे हात बांधून एकदा तो माळ पायी चालून यावा, आणि मगच माहितीपत्रक उघडावे.