कोणाची कॉन्फरन्स भारी?

माझा भाचा अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या एका विद्यापीठात शिकतो. फोनवर अभ्यासाचं विचारलं की स्वारी फुटबॉलवर घसरते. "मामू, आमची कॉन्फरन्स सगळ्यात भारी!" हे त्याचं ठरलेलं वाक्य.

कॉन्फरन्स म्हणजे परिषद, एवढंच मला ठाऊक होतं. तिकडे विद्यापीठांच्या संघांच्या गटालाही कॉन्फरन्स म्हणतात. गटातले संघ आपापसांत सामने खेळतात, विजेता ठरवतात आणि मग कोणता गट वरचढ यावर घराघरांत वाद रंगतात. भाच्याची कॉन्फरन्स म्हणजे साउथईस्टर्न, थोडक्यात एसईसी. दक्षिणेतल्या तेरा विद्यापीठांनी ती १९३२ मध्ये स्थापन केली. २००६ ते २०१२ अशी सलग सात वर्षं फुटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद याच गटातल्या संघांकडे होतं. आकडे भाच्याच्या बाजूने आहेत. पण मला इतिहासाची खोड. मी मागे मागे वाचत गेलो आणि १९६३ पाशी थांबलो.

त्या काळी एसईसीत एकही काळा खेळाडू नव्हता. मिसिसिपी राज्यात तर आणखी एक अलिखित नियम होता: ज्या संघात काळे खेळाडू आहेत, त्याच्याशी आपल्या सरकारी विद्यापीठांनी खेळायचंच नाही. मिसिसिपी स्टेट विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ तेव्हा जोरात होता. १९५९, १९६१ आणि १९६२ मध्ये तो गटात पहिला आला; शेवटच्या वर्षी केंटकीच्या बरोबरीने. पण राष्ट्रीय स्पर्धेत काळ्या खेळाडूंशी गाठ पडेल म्हणून तिन्ही वेळा तो घरीच बसला. त्याच्या जागी केंटकी गेला.

१९६३ मध्ये हा संघ पुन्हा पहिला आला. त्याच्या काही महिने आधी जेम्स मेरेडिथ या काळ्या विद्यार्थ्याच्या प्रवेशावरून त्याच राज्यातल्या दुसऱ्या विद्यापीठात दंगल होऊन दोन माणसं मेली होती. अशा वातावरणात मिसिसिपी स्टेटचे अध्यक्ष डीन कोलवर्ड यांनी संघाला खेळायला पाठवायचं ठरवलं. विरोधकांनी कोर्टातून मनाई हुकूम आणला. तो बजावला जाण्याआधीच प्रशिक्षक बेब मॅकार्थी राज्याची हद्द ओलांडून गेले आणि पाठोपाठ मुलंही विमानाने निसटली. बास्केटबॉल खेळायला मुलांना आपल्याच राज्यातून चोरासारखं निघावं लागलं!

१५ मार्च १९६३ रोजी मिशिगनमधल्या ईस्ट लान्सिंगला सामना झाला. समोर शिकागोचं लोयोला विद्यापीठ. त्याच्या पहिल्या पाचांत चार काळे खेळाडू. सुरुवातीला दोन्ही कर्णधारांनी, जेरी हार्कनेस आणि जो डॅन गोल्ड यांनी, हस्तांदोलन केलं आणि कॅमेऱ्यांचे दिवे लखलखले. मिसिसिपी स्टेट ५१-६१ असा हरला. लोयोला पुढे राष्ट्रीय विजेता झाला.

तीन वर्षांनी, १९ मार्च १९६६ रोजी, अंतिम सामन्यात एसईसीचा विजेता केंटकी उतरला तो सगळा गोरा संघ घेऊन. टेक्सास वेस्टर्नने पहिले पाचही खेळाडू काळे उतरवले आणि ७२-६५ असा विजय मिळवला. एसईसीच्या फुटबॉल सामन्यात पहिला काळा खेळाडू उतरला तो १९६७ मध्ये, केंटकीचा नेट नॉर्थिंग्टन. त्याच्याबरोबरच संघात आलेला त्याचा काळा जोडीदार ग्रेग पेज सरावातल्या दुखापतीने आदल्याच दिवशी वारला होता.

मग या सगळ्या वर्षांत काळी मुलं कुठे खेळत होती? त्यांच्या स्वतःच्या गटांत. टेक्सासमधल्या सहा काळ्या महाविद्यालयांनी १९२० मध्येच साउथवेस्टर्न कॉन्फरन्स उभी केली होती. तिच्यातल्या ग्रॅम्बलिंगच्या एडी रॉबिन्सन यांनी प्रशिक्षक म्हणून ४०८ सामने जिंकले. त्यांचा बक बुकॅनन १९६३ च्या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या निवडीत सर्वांत पहिला निवडला गेला. हा गट भारी की एसईसी? सांगता येत नाही, कारण त्यांना समोरासमोर येऊच दिलं नाही.

दरवाजे उघडल्यावर मात्र उलटा प्रवाह सुरू झाला. गुणी काळी मुलं पैसेवाल्या मोठ्या विद्यापीठांकडे वळली. एसईसी बलाढ्य झाली आणि ज्या काळ्या महाविद्यालयांनी पडत्या काळात मुलांना सांभाळलं होतं, त्यांची मैदानं ओस पडत गेली. हक्क मिळाला हे चांगलंच झालं, पण त्याची किंमत पुन्हा त्यांच्याच संस्थांनी मोजली.

आपल्यालाही हे परकं नाही. मुंबईच्या जुन्या क्रिकेट स्पर्धेत संघच धर्मावर बेतलेले होते. हिंदू, पारशी, मुस्लिम, युरोपियन. कोणती जमात भारी, हे मैदानावर ठरवायचं! त्यात पळवणकर बाळूंसारखा गोलंदाज हिंदू संघाला सामने जिंकून देत होता, पण जातीमुळे कर्णधारपद त्यांना कधी मिळालं नाही. ते पुढे १९२३ मध्ये त्यांचे भाऊ विठ्ठल यांना मिळालं.

परवा भाच्याला हे सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "पण मामू, आज तर आमच्या संघात निम्म्याहून जास्त मुलं काळीच आहेत."

मी म्हटलं, "बेटा, तेच तर सांगतोय. तुझी कॉन्फरन्स भारी झाली ती कोणामुळे, एवढं लक्षात ठेव."