सेंद्रिय बागकाम आणि सल्ल्याची परंपरा : ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली ही शहरे आज प्रामुख्याने इमारतींची शहरे म्हणून ओळखली जातात. २०११ च्या जनगणनेनुसार ठाणे महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे १८.४ लाख, तर कल्याण-डोंबिवलीची सुमारे १२.५ लाख होती. येथील बहुसंख्य कुटुंबांपाशी लागवडीची जमीन नाही. फार तर गच्चीचा एखादा कोपरा किंवा सज्जा आहे. तरीही रसायनांचा वापर न करता घरापुरती भाजी पिकवावी, असे वाटणारा वर्ग या शहरांत आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्यास प्रथम जागेची अडचण जाणवते. परंतु खरी अडचण सल्ल्याची असते. खते, द्रावणे आणि तयार माती विकणारे पुष्कळ भेटतात. त्यांपैकी कोणाचे ऐकावे, हे ठरविण्याचे साधन मात्र हाती नसते.

मातीविषयीचा सल्ला कोणाचा मानावा, हा प्रश्न या जिल्ह्याला नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो येथे सरकारी चौकशीचा विषय झाला होता. तेव्हापासून आजपर्यंतच्या काही टप्प्यांचा मागोवा घेऊन चांगल्या सल्ल्याची लक्षणे शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

राबाचा वाद

कोकणातील भातशेतीत रोपे तयार करावयाच्या जागेवर झाडांची टहाळ, पालापाचोळा, गवत व शेण पसरून उन्हाळ्याच्या अखेरीस ते जाळण्याची जुनी रीत आहे. तिला ‘राब’ म्हणतात. राबामुळे तणाचे बी जळते आणि राखेतून रोपांना पोषण मिळते. ब्रिटिश वन खात्याच्या दृष्टीने मात्र ही जंगलाची नासाडी होती. टहाळ तोडण्यावर निर्बंध आल्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत असंतोष वाढला आणि १८८५ मध्ये मुंबई सरकारला वनविषयक आयोग नेमावा लागला.

पुढे १८८९ मध्ये इंग्लंडहून आलेले कृषी रसायनशास्त्रज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी देशभर फिरून पाहणी केली. त्यांचा अहवाल १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. राबाची रीत अडाणीपणाची म्हणून त्यांनी उडवून लावली नाही. प्रयोगांचे निष्कर्ष पाहून तिचा विचार केला. भारतीय शेतकऱ्यास शिकविण्यापूर्वी त्याच्या रीतीमागील कारण समजून घेतले पाहिजे, ही त्यांची भूमिका त्या काळात महत्त्वाची ठरते. मात्र रीत जुनी आहे, एवढ्यावरून ती कायमची योग्य ठरत नाही. राबात सेंद्रिय पदार्थ जळून जातो आणि त्यासाठी दरवर्षी झाडे छाटावी लागतात. म्हणूनच कोकणातील नंतरच्या कृषी संशोधनाने गादीवाफे व कुजलेले खत यांची शिफारस केली. अर्थात, परंपरा आणि शास्त्र या दोहोंनाही प्रयोगाची कसोटी लागू होते.

इंदूरची खतपद्धती

सेंद्रिय बागकामाचा जागतिक इतिहास सांगताना सर अल्बर्ट हॉवर्ड यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. १९२४ ते १९३१ या काळात ते इंदूर येथील वनस्पती-उद्योग संस्थेचे संचालक होते. पिकांचे अवशेष, शेण, गोमूत्राने भिजलेली माती व राख यांचे थर देऊन, ते ठरावीक अंतराने उलथून सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची ‘इंदूर पद्धत’ येथे सिद्ध झाली. १९३१ च्या मूळ ग्रंथावर हॉवर्ड यांच्यासमवेत त्यांचे सहकारी यशवंत वाड यांचेही नाव आहे. नंतरच्या लेखनात मात्र वाड यांचा उल्लेख क्वचितच आढळतो. परदेशातून आलेली म्हणून आज जी कंपोस्टची पद्धत सांगितली जाते, तिचा एक प्रमुख उगम भारतीय शेतात व भारतीय सहकाऱ्यांच्या श्रमात आहे, हे यावरून स्पष्ट होते.

उंबरगाव आणि तासगाव

भास्कर सावे (१९२२-२०१५) यांचे देहरी हे गाव उंबरगाव परिसरातील. १९६० च्या राज्यविभाजनापर्यंत हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. प्राथमिक शिक्षक असलेले सावे प्रारंभी रासायनिक खतांचे पुरस्कर्ते व विक्रेतेही होते. पुढे शेताच्या एका भागात रसायनांविना पीक घेऊन त्यांनी खर्च व उत्पन्नाचा हिशेब मांडला आणि त्या आधारे आपला मार्ग बदलला. नारळ, चिकू व केळी यांच्या मिश्र लागवडीची त्यांची ‘कल्पवृक्ष’ ही वाडी पुढे अनेकांसाठी पाठशाळा ठरली. ज्याला शंका असेल त्याने वाडी येऊन पाहावी, हाच त्यांचा मुख्य युक्तिवाद होता.

गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अच्युत दाभोलकर (१९२४-२००१) यांनी ‘प्रयोग परिवार’ या कल्पनेतून सल्ल्याचे स्वरूपच बदलले. तासगाव परिसरातील द्राक्ष बागायतदार स्वतः प्रयोग करीत आणि आपली निरीक्षणे परस्परांना सांगत. त्यामुळे सल्ला घेणारा आणि देणारा असा भेद उरला नाही. दहा गुंठ्यांत, म्हणजे सुमारे १,००० चौरस मीटर जागेत, एका कुटुंबाचा निर्वाह होऊ शकतो, ही त्यांची मांडणी प्रसिद्ध आहे. डोंबिवलीच्या सदनिकेत दहा गुंठे नाहीत. पण प्रयोगाची वही तेथेही ठेवता येते.

गच्चीवरील शेती आणि कचऱ्याचा प्रश्न

मुंबईत डॉ. रमेश दोशी यांनी उसाचे चिपाड व घरातील ओला कचरा वापरून गच्चीवरील शेतीचा प्रसार केला. त्यांच्या मार्गदर्शनातून स्फूर्ती घेऊन प्रीती पाटील यांनी २००२ पासून मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर बाग उभी केली. स्वयंपाकघराचा कचरा तेथेच मातीत रूपांतरित झाला.

ठाणे-कल्याण परिसराच्या दृष्टीने हा मुद्दा केवळ हौसेचा नाही. घनकचऱ्याविषयीच्या २००० च्या व नंतर २०१६ च्या नियमांनी कचऱ्याच्या वर्गीकरणावर भर दिला. २०१५ मध्ये तर घनकचरा व्यवस्थापनातील त्रुटींमुळे मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकामांच्या परवानग्यांवर बंदी घातली. ती पुढील वर्षी उठली. ज्या भाजीच्या देठांनी शहराचे बांधकाम थांबविले, तीच देठे कुंडीतील मातीचे मूळ द्रव्य आहेत.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून चांगल्या सल्ल्याची तीन लक्षणे हाती येतात. सल्ला देणाऱ्याची बाग प्रत्यक्ष पाहता आली पाहिजे. त्याचा सल्ला एका कुंडीत, एका हंगामात पडताळता आला पाहिजे. आणि तो येथील पाऊस व माती जाणणारा असला पाहिजे. कोरड्या प्रदेशासाठी सांगितलेले पाण्याचे प्रमाण ठाण्याच्या पावसाळ्यात मुळे कुजविते.

या कसोट्या मानल्यास सुरुवातही सोपी होते. ओल्या कचऱ्यात त्याहून अधिक सुका पाला मिसळून दोन-तीन महिन्यांत मातीचा वास येणारे खत होते. दुर्गंधी आल्यास ओल अधिक व हवा कमी आहे, असे समजावे. गच्चीचा भार व गळती यांची तपासणी करून, निचरा होणाऱ्या दोन कुंड्यांत मेथी किंवा अळू लावावा; एका कुंडीत सांगितलेला उपाय करावा, दुसरीत करू नये आणि दोहोंतील फरक लिहून ठेवावा. राबाच्या वादापासून प्रयोग परिवारापर्यंतचा इतिहास हेच सांगतो की, मातीविषयीचा अधिकार पदाने किंवा विक्रीने येत नाही. तो पडताळणीने येतो. महाविद्यालयांच्या गच्च्या व परिसर अशा पडताळणीची केंद्रे झाल्यास या शहरांतील नवशिक्या बागकर्त्यास विश्वासाने विचारावे असे एक ठिकाण मिळेल.